दाब म्हटलं की

"दाब," मोटारघराच्या पोटाखालून मर्ल ओरडला.

"दाबलंय," आतून नडीन म्हणाली.

पंपाच्या तारेला लावलेल्या वीज मोजायच्या मीटरचा काटा पेन्शनीत निघाल्यासारखा शून्यावर बसून राहिला.

"सोड."

"सोडलं."

संडासाच्या टाकीचा पंप सकाळपासून मुका होता आणि टाकी गळ्याशी आली होती. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या या तळावर एक वेळ मेलेलं चालतं, तुंबलेलं चालत नाही. पण मर्लला खरा घोर उद्याचा होता. उद्या कर्टिस येणार होता. "आईचं डोकं चालत नसेल, तर तिला वृद्धाश्रमात ठेवू," असं पोरगा फोनवर म्हणाला होता.

"न चालायला काय झालं?" मर्लने सुनावलं होतं. "तिच्याशिवाय माझा पंप दुरुस्त होत नाही."

ते खरंच होतं. दारालगतचं बटण धरून ठेवलं तरच पंप चाले. एक आत, एक खाली, असा त्यांचा संसार होता.

मर्लने फ्यूज बदलला. दाब. दाबलंय. शून्य. गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या तारेचा स्क्रू गंजला होता. तो घासून चकचकीत केला. दाब. दाबलंय. शून्य.

शेजारचा डब खुर्ची टाकून हा खेळ बघत होता. "अरे, पंप सरळ बॅटरीला लाव आणि मोकळा हो. टाकीचं बाळंतपण किती लांबवशील?"

"दुखणं कुठंय ते कळायला नको?"

"तुझ्या कमरेत आहे."

मर्लने बटणापासून पंपापर्यंत नवी तार ओढली. तेवढ्यात ऊन उतरलं. गुडघ्यांना विनवण्या करत तो बाहेर आला आणि मीटर हातात धरून उभा राहिला.

"दाब."

"दाबलंय."

दारावरचा दिवा लागला.

"सोड."

दिवा विझला.

मर्लने पुन्हा सांगितलं. दिवा पुन्हा लागला. दिवसभर बिचारी दिवाच लावत होती, मनापासून, एकदाही न चुकता. रणरणत्या उन्हात तो दिसणार कुणाला? पंपाचं बटण शेजारीच होतं. त्यावर तिच्याच हाताने लिहिलेलं 'पंप' होतं.

डबनेही ते पाहिलं. मग खुर्ची घडी करून तो आपल्या गाडीत गेला.

"पंप चालला का रे?" नडीनने विचारलं.

"चालला."

"बघ. मी धरलं की चालतो. कर्टिसला सांग."

"सांगतो."

"सोडू?"

मर्लने मीटर बंद केला. दिव्याभोवती दोन-चार किडे जमले होते.

"नको," तो म्हणाला. "धर अजून जरा."