खापराच्या पाठीवरचा बर्गर

या मित्रांनो, या. असे लांब लांब का बसलात? जरा पुढे सरका, चुलीची ऊब घ्या. माझ्याजवळ टाळ नाही, मृदंग नाही, पण कथा आहे. ती ऐकून तुम्ही तोंडात बोट घालाल, एवढे वचन देते. मला बोट असते तर त्या दिवशी मीही घातले असते!

मी एक जुने खापर आहे. शहरातल्या मुलांनो, तुम्ही मला पाहिले नसेल. मी मातीचे, चांगल्या घमेल्याएवढे भांडे आहे. चुलीवर मला पालथे घालतात. खालून जाळ लागतो आणि माझी गोल पाठ तापते. त्या पाठीवर आमच्या खानदेशातल्या आयाबाया मांडा टाकतात. मांडा म्हणजे हातावर वाढवलेली, उपरण्यासारखी झिरझिरीत, भली मोठी पुरणाची पोळी. बाकीची मडकी तोंड वर करून बसतात, कोणी आपल्यात काही घालील का म्हणून. मी मात्र तोंड खाली घालते आणि पाठ पुढे करते. त्यामुळे मला सगळे समजते, पण बोलता काही येत नाही.

माझा जन्म पहूरजवळच्या एका खेड्यातला. झुंबरबाई नावाच्या कुंभारणीने मला घडवले. तिने माती चाळली, राख मिसळली, पायांनी तुडवली आणि ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली. शेजारीण म्हणाली, "अगं, आखाजी तोंडावर आली. कधी घडवशील आणि कधी विकशील?"

झुंबरबाई हसली. "निजू दे बाई तिला. मातीची झोप झाली नाही, का ती हातात फाटते."

माझ्या कानावर पडलेले ते पहिले बोल. मी गोणपाटाखाली गारेगार पडून ते ऐकले आणि माझ्या मातीत ते मुरले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बाजारात द्रौपदाबाईंनी मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. मी टणटण बोलले. झुंबरबाई म्हणाली, "लेक देतेय तुला. तापलेली असताना गार पाणी मारू नको." द्रौपदाबाईंनी मला पदरात गुंडाळले, एस.टी.त मांडीवर घेतले आणि जळगावला, मेहरूणमधल्या त्यांच्या घरी आणले.

द्रौपदाबाई मूळच्या धुळ्याकडच्या. सासरी येऊन कितीतरी वर्षे झाली, पण बोली माहेरचीच राहिली. त्यांचे घर विठ्ठलमंदिराला लागून होते. दरवर्षी माघात तिथे सप्ताह बसे. सात दिवस कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. त्या काल्याचा नैवेद्य म्हणजे द्रौपदाबाईंचे मांडे. पहाटे कणीक भिजवून त्या काकडआरतीला जात, आरती संपली की येऊन चूल पेटवत. मग काय त्यांचे हात चालत! कणकेची लाटी या मनगटावरून त्या मनगटावर झोके घेत वाढायची आणि अलगद माझ्या पाठीवर उतरायची. भिंतीपलीकडून मृदंग घुमला की माझ्या पोकळ पोटातही घुमायचा. मित्रांनो, मी मातीचे खरे, पण कीर्तनाने माझेही ऊर भरून येई. बुवा मांडा उजेडाकडे धरून म्हणत, "माउली, यातून पलीकडचा विठोबा दिसतो!" आणि द्रौपदाबाई लाजून पदर सावरत.

असे सुखाचे दिवस चालले होते. मग शहाण्णव साल उजाडले. द्रौपदाबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण हाताची ती लवचीक ताकद गेली. आता मांडे करायचे कोणी? घरात नवी सून होती, प्रमिला. पोर गुणी आणि कामाला वाघ. पण पुढच्या माघात सप्ताह बसल्यापासून ती रोज सकाळी कणीक मळायची, लगेच हातावर घ्यायची आणि मांडा फाटायचा. माझ्या पाठीवर नुसती लक्तरे!

कुंपणापलीकडच्या कलाबाई हे रोज बघत. "द्रौपदाबाई, तुमची सून मांडे करतेय का चिंध्या भाजतेय? राहू द्या आता. माझं लोखंडी खापर आहे, काल्याचा नैवेद्य मीच करते. हे तुमचं मातीचं डबडं तुळशीखाली ठेवा. कोरफड छान येईल."

कोरफड! माझ्यात? मी हादरलेच. पण खरा धक्का पुढे बसला. द्रौपदाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "बरं. तूच कर माय."

प्रमिला दाराआड उभी होती. मांडे गेले म्हणजे या घराची देवाची सेवा गेली, आणि ती आपल्या हाताने गेली, हे तिला समजले. तिने डोळे पुसले. मग पदर खोचला आणि माझ्याकडे बघून पुटपुटली, "मलाही काहीतरी येतं की!"

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल्याच्या आदल्या दिवशी, तिने जे मांडले ते बघून मी गारठले. मागे ती मुंबईला भावाकडे गेली होती. तिथे नव्याने निघालेल्या एका चकचकीत दुकानात तिने बर्गर नावाचा पदार्थ खाल्ला होता. तिखट टिक्की, वितळलेले चीज, वर-खाली गोल पाव. भावाने येताना चीजचा डबाही बांधून दिला होता. तेच करायचे तिने ठरवले. पण सप्ताहात बेकरीचा पाव घरात चालत नसे. म्हणून तिने पावासाठी घरीच मैदा भिजवला. दही घातले, चिमूटभर सोडा घातला. पावाची कणीक म्हणून चांगली सैल, हाताला चिकटेल अशी ठेवली. तेवढ्यात देवळातून हाक आली. तिने परातीवर ओला फडका टाकला आणि सासूबरोबर कीर्तनाला गेली. फैजपूरच्या जीवरामबुवांचे कीर्तन त्या दिवशी असे रंगले की दुपार कलली तरी संपेना. शेवटी प्रमिला एकटीच मागच्या दाराने घरी आली.

गॅसचे सिलिंडर संपलेले, नंबर अजून लागलेला नव्हता. म्हणून चूल पेटली आणि चुलीवर मी. मला वाटले, मांडे येणार! आणि माझ्या पाठीवर पडल्या मूठभर हिरव्या लवंगी मिरच्या. फटाफट फुटल्या. धूर असा उठला की कौलावरची चिमणी शिंकली असेल! प्रमिलाने त्या मिरच्या शेंगदाण्यांबरोबर खलबत्त्यात कुटल्या, उकडलेल्या बटाट्यात कालवल्या आणि चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या तोंडावर, कढई ठेवून टिक्क्या तळल्या. मग पावाचे जाड गोळे माझ्या माथ्यावर ठेवून वर दुसरी परात पालथी घातली, परातीवर निखारे. माझ्यासारखीच पालथी परात माझ्याच डोक्यावर! हा अपमान म्हणावा की सोबत, मला समजेना. पण पाव फुगले हो. टम्म फुगले!

पावात टिक्की बसली. कोबीचे पान बसले. टोमॅटो, गूळ आणि लाल तिखटाची चटणी बसली. शेवटी तिने डब्यातली पिवळी वडी कापली, टिक्कीवर ठेवली आणि सगळे मनोरे पुन्हा माझ्या पाठीवर चढवले. ती वडी घामेजली, पाघळली आणि ओघळ माझ्या पोटापर्यंत आले. मित्रांनो, सबंध जन्मात ज्या पाठीने पुरणाखेरीज काही पाहिले नाही, तिची ही गत!

नेमक्या त्याच वेळी दारात पावले वाजली.

झाले होते असे. त्या दिवशी बुवांचे जेवण कलाबाईंकडे होते. पण कीर्तन संपता संपता निरोप आला, की कलाबाईंचा कोणी दूरचा भाऊबंद वारला. सुतक लागले. सुतकाच्या घरी बुवा जेवणार कसे? द्रौपदाबाईंच्या तोंडून निघून गेले, "महाराज, मन्हा घर चाला." घरात वरण-भात तरी झाला असेल, असे त्यांना वाटले.

त्या चुलीपाशी आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. "हाई काय शे व माय? खापरवर साबण?"

प्रमिलाच्या हातातले उलथणे खाली पडले. "साबण नाही, आत्याबाई. चीज आहे."

"चीज म्हंजे?"

"दुधाचंच असतं. बर्गर करत होते."

"कांदा?"

"नाही."

"लसूण?"

"नाही हो."

"अंडं?"

"आत्याबाई! सप्ताहात मी असं करीन का?"

कुंपणापलीकडे, सुतक पाळून लांब उभ्या राहिलेल्या कलाबाईंनाही हे पाहवले नाही. "अगं बाई, खापराला साबण लावून न्हाऊ घातलं की काय सुनेनं?"

जीवरामबुवा मात्र ओसरीवरून नाक वर करून हुंगत होते. घसा बसलेला, पोटात कावळे. "माय, वास मोठा गोड येतोय. जे असेल ते वाढा. देवाच्या दारचं सगळं प्रसादच."

द्रौपदाबाईंनी कपाळाला हात लावला. केळीच्या पानावर बर्गर गेला! बुवांनी तो इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मांड्यासारखा उजेडाकडे धरून पाहिला, पण पलीकडचे काही दिसेना. मग मोठा घास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. प्रमिला रडवेली झाली.

"महाराज, तिखट झालं का हो?"

"तिखट?" बुवा हुसहुस करत म्हणाले. "पोरी, तीन तास मी लोकांना रडवलं, त्याचं उट्टं तू एका घासात काढलंस! आण आणखी एक."

सगळे हसले. द्रौपदाबाई हसल्या नाहीत. त्यांना वेगळीच चिंता लागली होती. कलाबाईंना सुतक, म्हणजे उद्याचा नैवेद्य त्या करणार नाहीत. आता देवापुढे ठेवायचे काय? एवढ्या वर्षांची सेवा काल्याच्याच दिवशी खंडणार! त्या मटकन पाटावर बसल्या. टेकायला म्हणून त्यांनी डावा हात शेजारच्या परातीवर ठेवला आणि तो फडक्यासकट उरलेल्या कणकेत रुतला.

त्यांनी फडका बाजूला केला. कणीक चिमटीत धरली, ओढली. ती रेशमासारखी लांबत गेली. तुटेना.

"ही कणीक तुन्ही भिजाडी?"

"हो. पावाची आहे. सकाळपासून तशीच पडलीय, कीर्तन लांबलं ना."

"हात पुढे कर." द्रौपदाबाई पाटावरून उठल्या. "मनगटवर घे. आते मी सांगस तसं झोका दे. घाबरू नको."

प्रमिलाने लाटी उचलली. या मनगटावरून त्या मनगटावर. लाटी वाढली. आणखी वाढली. पदराएवढी झाली तरी फाटली नाही, आणि अलगद माझ्या पाठीवर येऊन उतरली. तुम्हाला कसे सांगू? माझ्या सगळ्या अंगावर काटा आला. द्रौपदाबाई सुनेकडे बघतच राहिल्या, आणि सून आपल्या हातांकडे.

"म्हणजे कणीक मुरावी लागते!" प्रमिला म्हणाली. "मी मळून लगेच घेत होते. आत्याबाई, तुम्ही सांगितलं का नाही?"

द्रौपदाबाई बावरून गेल्या. "माले तरी कोठे माहीत? मी कणीक भिजाडीसन काकडाले जाऊ. येऊ तवशी ती मऊ व्हई जाय. माले वाटे, आरतीनं पुण्य शे. देवनी किरपा."

बुवांनी पानावरची शेवटची चटणी बोटाने पुसली. "कृपाच ती, माउली. देव तुम्हाला तेवढा वेळ देवळात बसवून ठेवत होता. आणि आज माझं कीर्तन लांबलं म्हणून लोक कुरकुरत होते, त्यांना आता सांगतो, की कणीक मुरायची होती!"

मित्रांनो, मी मात्र सुन्न झाले होते. हे मला जन्मापासून ठाऊक होते. ओल्या गोणपाटाखाली मी तेच तर ऐकले होते. सगळ्या फाटक्या मांड्यांच्या वेळी मी आतल्या आत ओरडत होते, निजू दे तिला, निजू दे! पण तोंड चुलीत असलेल्याचे ऐकणार कोण? शेवटी ते सांगायला एका बर्गरला यावे लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रमिलाने गव्हाची कणीक भिजवली. सोडा नाही, दही नाही, नुसता ओला फडका. मग सासू-सून मिळून काकड्याला गेल्या. काल्याचे मांडे झाले. पहिला कडेला थोडा फाटला, तो द्रौपदाबाईंनी आपल्या पानात घेतला. काल्याच्या कीर्तनात बुवांनी भर मंडपात द्रौपदाबाईंचे नाव घेतले, प्रमिलाचे घेतले. बर्गरचेही घेतले, आणि मंडप खदखदून हसला. सुतक फिटल्यावर कलाबाई वाटी घेऊन आल्या. "चीज उरलंय का गं थोडं? नातवंडं मागतात," म्हणाल्या. कोरफडीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

आता द्रौपदाबाई नाहीत. प्रमिलाच्या केसांत पांढरे आले आहे. माझ्या काठाला चीर गेली आहे. वर्षभर मी मागच्या पडवीत कोळ्यांना घर देऊन बसते, सप्ताहाला तेवढे चुलीवर चढते. त्या दिवसाच्या चीजचा तपकिरी ओघळ अजून माझ्या पोटावर आहे. किती घासला तरी गेला नाही. नवी मंडळी विचारतात, हा डाग कसला? प्रमिला म्हणते, "तो डाग नाही. ती माझी शिकवणी आहे."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने भांडे असेल तर त्याला अडगळीत टाकू नका. कोरड्या फडक्याने पुसा. तापलेले असताना गार पाणी मारू नका. बर्गर करा, पिझ्झा करा, खुशाल करा. आम्ही जुनी भांडी आधी दचकतो खरी, पण रागावत नाही.

आणि एक मागणे आहे. त्या दिवशी मंडपात सगळ्यांची नावे निघाली, एक नाव तेवढे कोणालाच ठाऊक नव्हते. तुम्हाला आता ठाऊक आहे. पुढे कधी परातीत कणीक भिजवून तिच्यावर ओला फडका टाकाल, तेव्हा घटकाभर थांबा, आणि पहूरकडच्या माझ्या झुंबरबाईची आठवण काढा.