युगोत दिलेला होकार

वेला द्रागा या समुद्रकाठच्या गावात युगो वाहू लागला की शहाणा माणूस तोंड मिटून बसतो. दक्षिणेकडून येणारा हा वारा थंडीत एकदा मुक्कामाला आला की आठवडाभर हलत नाही. भिंती पाझरतात, मिठाला पाणी सुटतं, डोकी भणभणतात आणि सख्ख्या भावांची जुंपते. म्हणून गावाने फार पूर्वी ठरवून टाकलंय की युगोत बोललेलं धरायचं नाही. शिवी धरायची नाही आणि वचनही धरायचं नाही. या वाऱ्यात कुणी जमीन विकत नाही, कुणी सोयरीक जुळवत नाही. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना यातलं काय कळणार? ते बिचारे निळं पाणी बघतात, आइस्क्रीम खातात आणि सप्टेंबर उजाडला की आपापल्या घरी जातात.

त्या फेब्रुवारीत तर युगोने कहर केला. लाटा किनाऱ्याचा रस्ता ओलांडून हॉटेलच्या बंद दारांवर थापा मारत होत्या. शेवाळाचा वास घराघरांत शिरला होता. बोट बंद, शाळा बंद, आणि सगळं गाव तेरेझामावशीच्या कॅफेत बसून पत्ते कुटत होतं.

विंकाचा भिडू होता बेपो. विंका ही वरच्या आळीतली, उन्हाळ्यात पाहुण्यांना खोल्या देणारी. नवरा जाऊन तिला सात वर्षं झाली होती आणि जिभेची धार मात्र रोज वाढत होती. बेपो हॉटेलच्या होड्या आणि छत्र्या दुरुस्त करायचा, आणि सीझन संपला की गावभरच्या खिडक्या ठोकून द्यायचा. साठी उलटली तरी गड्याने लग्न केलं नव्हतं. विंकाच्या खिडक्या तो जरा जास्तच वेळा ठोकतो, हे गावाने पाहिलं होतं. विंकाने पाहिलं नव्हतं, निदान ती तसं म्हणायची.

त्या दुपारी दोघं सलग हरत होते. शेवटच्या डावात विंकाने हुकुमाचा एक्का इतका वेळ दाबून ठेवला की शेवटी तो फुसक्या पत्त्यांवर वायाच गेला. बेपोने पत्ते टेबलावर आपटले.

"तू खेळतेस तशीच जगतेस, विंका. चांगलं ते हातात घट्ट धरून ठेवतेस आणि शेवटी काहीच उपयोग करत नाहीस. लग्न कर माझ्याशी आणि सुट एकदाची."

कॅफे हसण्याने दणाणलं.

"युगो बोलतोय रे हा," कुणीतरी म्हणालं. "बेपो, डोक्यावर ओलं फडकं ठेव."

विंकाही हसली. "हो, हो. वरातीला पोपना बोलावू या," ती म्हणाली आणि पत्ते पिसायला घेतले. बेपो कानापर्यंत लाल झाला. कोट उचलून तो पावसात चालता झाला, कॉफीही अर्धी टाकून.

घरी आल्यावर विंकाला कशात चित्त लागेना. वाळत घातलेल्या चादरी चार दिवस ओल्याच होत्या, त्या तिने पुन्हा उलटवल्या. भाजी करपवली. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून तिने स्वतःशी कबूल केलं की तो जे बोलला ते तिला आवडलं होतं. आवडलं होतं काय, ते ऐकायची ती दोन हिवाळे वाट बघत होती. बरं वाटलं तिला, आणि लगेच धास्तीही वाटली.

पण युगोतलं बोलणं. ते धरायचं कसं? वारा पालटू दे, तिने ठरवलं, त्याचं डोकं ठिकाणावर येऊ दे. मग तो पुन्हा विचारेल.

दोन दिवसांनी तेरेझामावशी छत्रीचा सांगाडा हातात घेऊन दारात उभी राहिली. छत्रीचं कापड वाऱ्याने नेलं होतं.

"बेपो तिकडे शहरात, स्प्लिटला चाललाय, ठाऊक आहे का? कायमचा. पुतण्याकडे खोली आहे रिकामी. वारा पडला की पहिल्या बोटीने निघणार. उद्या सकाळी पडणार म्हणे."

"एकाएकी?"

"एकाएकी कसलं? गाव हसलं त्याला. आणि तू सगळ्यांत मोठ्याने हसलीस."

"मावशी, युगोत बोलला तो. मी काय धरून बसू?"

"नको धरूस. वारा पडल्यावर विचार त्याला."

"अहो, वारा पडला की बोट सुटणार."

मावशीने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "अस्सं. म्हणजे तुला विचारायचं आहे तर. मग इथे काय माझं तोंड बघत बसलीस? हातचं सोडून बसशील आणि मग आयुष्यभर वाऱ्याच्या नावाने खडे फोडशील."

किनाऱ्याचा रस्ता पाण्याखाली होता. विंकाने रबरी बूट चढवले आणि भिंतीला धरून निघाली. आइस्क्रीमच्या बंद टपरीपाशी एका लाटेने तिला कमरेपर्यंत भिजवलं, दुसरीने केसांपर्यंत. बेपोच्या दारात पोचली तेव्हा ती जाळ्यातून उपसून काढल्यासारखी दिसत होती.

बेपो पेटी भरत होता. पलंगावर हातोडे आणि सदरे एकत्रच पडले होते.

"तुझ्याकडे मोठी परात आहे का, ते विचारायला आले होते," विंका म्हणाली.

"एवढ्या वादळात? परात?"

"बरं, परात नको. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? कॅफेत तू जे म्हणालास, त्याला माझं उत्तर हो आहे."

बेपो पलंगावर बसला, नेमका हातोड्यावर. उठला. हातोडा उचलून पेटीत टाकला.

"हे तू युगोत सांगतेयस," तो म्हणाला.

"तूही युगोतच विचारलंस."

"मी विचारलं आणि गाव हसलं. आता तुझा होकार खिशात घालून फिरायचं, आणि उद्या युगो पडून उत्तरेची बुरा आली, डोकं साफ झालं, की तू म्हणणार, बेपो, विसर ते. मग मी तोंड कुठे लपवू? एकदा हसले ते पचवलं. दुसऱ्यांदा नाही पचणार, विंका."

तिला राग आला, कारण त्याचं खरं होतं. गावात कुणीही हेच म्हणालं असतं. तिनेही.

"मग उद्या सकाळी धक्क्यावर सांगेन. डोकं साफ असताना, सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "तेव्हा नाही म्हणाले तर जा खुशाल."

"पेटी मी बोटीवर चढवणार," बेपो हट्टाने म्हणाला. "मी खाली उभा राहीन. पेटी वर."

"चढव. तुझी पेटी."

पहाटे विंकाला शांततेने जाग आली. खिडकी उघडली तर समोरचा डोंगर हाताला लागेल इतका स्पष्ट दिसत होता. बुरा उतरायला लागली होती, कोरडी आणि धारदार. आठवड्याचं ओझं डोक्यावरून उतरलं, आणि विंकाची पाचावर धारण बसली. आता बोललेलं मोजलं जाणार होतं. काल लाटांतून चालत जायला काही वाटलं नव्हतं. आज साधे बूट घालताना नाड्या दोनदा चुकल्या.

धक्क्यावर अर्धं गाव आलं होतं. कुणी पाव घ्यायला निघालं होतं, कुणी कुत्र्याला फिरवायला, आणि पाव-कुत्रं घेऊन सगळे बोटीपाशीच थांबले होते. तेरेझामावशीने तर घडीची खुर्ची आणली होती. बेपो दाढी करून, टोपी हातात घेऊन उभा होता. पेटी वर कठड्याशी दिसत होती. बुरा चढायच्या आत कप्तानाला निघायचं होतं, म्हणून तो भोंगा वाजवत होता.

विंकाने बेपोकडे पाहिलं. त्या लखलखीत उजेडात माणूस नको तितका दिसत होता.

"बोल बाई," मावशी म्हणाली. "वाऱ्याने कान गळून पडतील आमचे."

"बोलते. आधी याच्या खोडी सांगू दे." विंका म्हणाली. "बेपो, तू हरलास की चिडतोस. शिट्टी वाजवतोस तीही बेसूर. माझ्या न्हाणीघराची खिडकी तू तीनदा ठोकलीस आणि ती अजून वाजते."

"ती मी मुद्दाम सैल ठेवली," बेपो खाली बघत म्हणाला.

लोक हसले. विंका हसली नाही. "मी एक माणूस पुरलाय. पुन्हा कुणाची सवय करून घ्यायची आणि पुन्हा एक दिवस ताट एकटीचं वाढायचं, याची मला फार भीती वाटते. काल युगो होता, भीती कळली नाही. आज सगळी कळतेय." तिने श्वास घेतला. "आणि तरी माझं उत्तर हो आहे."

बेपोने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग तो पुढे झाला आणि सगळ्यांदेखत त्याने तिचे दोन्ही गारठलेले हात स्वतःच्या कोटाच्या खिशांत घातले. या वेळी कुणी हसलं नाही. मावशीने नाक पुसलं आणि थंडीला शिव्या दिल्या.

या सगळ्यात बोट सुटली. कप्तान किती थांबणार? कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती खाडीच्या तोंडाशी पोचली होती, कठड्याशी बेपोची पेटी घेऊन. "माझे सदरे," बेपो म्हणाला. "माझे हातोडे."

दुपारपर्यंत बुराने असा जोर धरला की कौलांवरचे दगड हलू लागले आणि बोटी हवा निवळेपर्यंत बंद झाल्या. बेपोपाशी अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नाही. तरी तो विंकाच्या छपरावर चढला आणि दगड रचून खाली आला तेव्हा समुद्राच्या तुषारांनी भिजून, मिठाने पांढरा होऊन थडथडत होता.

विंका आतल्या खोलीत गेली. सात वर्षं न उघडलेलं कपाट तिने उघडलं. आन्तेचा, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, जाड लोकरी स्वेटर, तिनेच विणलेला, घडी मोडायला जीव होत नव्हता तो, तिने काढला आणि झटकला. कुठेतरी कसरीने छोटं भोक पाडलं होतं.

"घाल," ती म्हणाली.

बेपोने तो ओळखला. गावात सगळ्यांनी तो आन्तेच्या अंगावर पाहिला होता. त्याने हात पुढे केला नाही.

"नक्की?"

"घाल रे. सूप निवतंय."

त्याने तो डोक्यातून घातला. बाह्या चांगल्या वीतभर आखूड होत्या. विंकाने त्या ओढून पाहिल्या, तरी पुरेनात. मग तिने दिव्याखाली लोकरीची टोपली आणली, त्यातल्या त्यात जवळचा रंग शोधला, आणि त्याला समोर बसवून मनगटाचं माप घेतलं.