दोघांत एक कपलिंग

मी एक जुना पंप आहे. मित्रांनो, या कारखान्याचा प्राण माझ्यात आहे. म्हणजे तसा तो शेजारच्या अ पंपात आहे. तो बंद पडला, तर माझ्यात. माझं नाव ब.

राळ शिजवायच्या मोठ्या भांड्याभोवती गार पाणी फिरवणं हे आमचं काम. ते थांबलं की आतली राळ तापते, घट्ट होते आणि दगड बनते. म्हणून एक पंप चालतो, दुसरा तयार राहतो. मी अकरा वर्षं तयार आहे. सुरुवातीला आम्हाला आठवड्याआड चालवायचे. मग कोणीतरी म्हणालं, "चालतंय ना? कशाला हात लावता?" तेव्हापासून मला विश्रांती मिळाली. लोक माझ्यावर डबे ठेवू लागले.

तीन वर्षांपूर्वी अ चं कपलिंग तुटलं. कपलिंग म्हणजे मोटर आणि पंप यांना जोडणारा तुकडा. फिटरकाकांनी माझं काढून त्याला लावलं आणि वहीत लिहिलं, 'तात्पुरतं'. नव्या कपलिंगचा अर्ज मात्र शेरा घेऊन परत आला: 'बंद पंपाला कपलिंग कशाला?' माझ्यावर जाळीचं झाकण असल्यामुळे ही उणीव दिसत नसे. काका दर सोमवारी माझ्यापुढे 'तयार' लिहून सही करत. मलाही हळूहळू ते पटू लागलं होतं.

यंदा शेजारी नवा कारखाना उभा करायचं ठरलं, आणि खर्चवाले साहेब आराखड्याला कात्री लावत आमच्यापाशी पोचले.

"हा दुसरा पंप काय करतो?"

"अकरा वर्षं तयार असतो, साहेब."

"अकरा वर्षं?"

"माझ्या आधीच्या कारखान्यात एकच होता," काका म्हणाले. "पाणी थांबलं, राळ दगड झाली. चार दिवस भांड्यात बसून छिन्नीनं फोडली मी. बायको विचारायची, खाणीत लागलात का? नव्या ठिकाणी दोन घ्या, साहेब. आता माझे गुडघे तसे राहिले नाहीत."

साहेब विचारी होते. "गुरुवारी भांडं धुण्यासाठी रिकामं आहे ना? तीनला याला चालवून दाखवा. चालला तर बघू."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत काकांनी अ चं कपलिंग काढून मला बसवलं. पंपांची बटणं सांभाळणारी पॅनलवरची ताई डबा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"काका, हे त्याचं ना?"

"याचंच आहे. माहेरी आलंय. तू जेव."

तीन वाजता बटण दाबलं. मित्रांनो, तो क्षण काय सांगू! आधी मी खोकलो, थोडा गंज टाकला आणि मग असा धावलो की दाबाचा काटा थेट वर. साहेबांनी चक्क टाळी वाजवली. काकांनी कपाळ पुसलं.

"छान! आता तुलनेसाठी तो अ लावा."

काकांचा हात कपाळावरच राहिला.

"त्याला... जरा आराम देऊया, साहेब."

"रोज तर चालतो!" म्हणत साहेबांनी मला थांबवून स्वतःच त्याचं बटण दाबलं. अ ची मोटर गरगर फिरली. काटा शून्यावरून हलला नाही. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

"बघा," साहेब म्हणाले, "रोज वापरला तो झिजला, आणि जपला तो टिकला! म्हणजे दोन घेण्यापेक्षा एकच जपावा."

"काका, बोला ना," ताई कुजबुजली.

बोलायचं म्हणजे तीन वर्षांच्या सोमवारांचा हिशेब द्यायचा. काका गुडघा चोळत म्हणाले, "साहेब बरोबर बोलतायत."

मित्रांनो, तुमच्याकडेही कोणी कोपऱ्यात 'तयार' म्हणून बसलेला असेल. वहीतल्या सहीवर विसंबू नका. अधूनमधून त्याचं झाकण उघडून बघा, चार पावलं चालवा. आणि त्याचं काही उसनं नेलंत, तर वेळेवर परत करा.

नव्या कारखान्याला एक पंप मंजूर झाला.