डावा खांदा

"खांदे सरळच ठेवा," सेक्रेटरी म्हणाले. "एक खाली दिसला तर लोक म्हणतील, पुतळा करणाऱ्याचंच चुकलं."

शिल्पकार बाईंनी हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि बाबांकडे पाहिले. "तुम्ही काय म्हणता, मास्तर?"

"समिती म्हणेल तसं," बाबा म्हणाले.

पत्र्याच्या शेडमध्ये दादा उभा होता, ओल्या मातीचा, होता त्यापेक्षा हातभर उंच. पुराच्या पाण्यातून लोकांना बाहेर काढताना तो गेला, त्यानंतर स्मारक समिती झाली. दुसऱ्या दिवशी मातीवरून साचा घेणार होते. त्यानंतर बदल करता येणार नव्हता, म्हणून आम्हाला दाखवायला बोलावले होते.

"छाती मात्र मस्त झालीय," सेक्रेटरी म्हणाले. "एकदम जवान वाटतो."

"दादा किडकिडीत होता," मी म्हणाले.

"ताई, पुतळा लांबून बघायचा असतो."

माणूस वाईट नव्हता. वर्गणीसाठी त्यांनी दारोदार चपला झिजवल्या होत्या.

बाबा शिंपी. माप घेताना कोणी पोट आत ओढले की ते म्हणत, "साहेब, श्वास सोडा. तुम्हाला भरतीला जायचं नाहीये." आणि टेप गुंडाळता गुंडाळता, "भरतीला माझा मुलगा गेलाय."

दादाचा डावा खांदा जन्मापासून बोटभर खाली होता. शाळेच्या पहिल्या शर्टापासून बाबा त्या खांद्यात आतून कापडाची गादी शिवत. बाहेरच्या कोणाला कधी कळले नाही. सैन्यभरतीच्या दिवशी मात्र बाबा जेवले नाहीत. तिथे उघड्या अंगाने उभे करतात, हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. संध्याकाळी दादा आला तेव्हा ते दारातच होते.

"घेतलं?"

"घेतलं."

"खांद्याचं काही बोलले?"

"एका साहेबांनी बघितलं. म्हणाले, पोतं उचलून दाखव. उचललं."

"डाव्यावर?"

"डाव्यावर. आता आत तरी येऊ द्या."

ही हकिगत पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने ऐकली. काहींनी तर पँटच्या मापाला एकदा आणि ट्रायलला एकदा. शेवट ठरलेला असे : "माझ्या शिलाईविना पास झाला." शिंप्याने असे म्हणून खूश व्हावे याचे गिऱ्हाइकांना हसू येई. पण त्यानंतर बाबांनी दादाच्या शर्टात गादी घातली नाही. सुट्टीवर येई तेव्हा त्याच्यासाठी शिवलेला शर्ट डावीकडे उतरता कापलेला असे.

दादा गेल्यावर ती हकिगत बंद झाली. लोक बाबांना वीरपिता म्हणू लागले, स्टेजवर बसवू लागले. बाबा बसत. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही ही त्यांची सवय, आणि समितीलाही ते गिऱ्हाईकच समजत असावेत.

"मग फायनल?" सेक्रेटरींनी विचारले.

बाबा पुतळ्याभोवती हळूहळू फिरत होते. ट्रायलच्या वेळी ते असेच फिरतात. तेव्हा ते बोलत नाहीत. चूक दिसली की खडूने रेघ मारतात आणि शर्ट उतरवायला सांगतात.

पाठीमागे ते थांबले. खिशातून चपटा खडू काढून ते बाईंच्या स्टुलावर चढले. मी स्टूल धरले. मातीच्या मानेपासून डाव्या बाहीपर्यंत त्यांनी एक उतरती रेघ ओढली. ओल्या मातीवर खडू उमटेना, नुसता चरा पडला. तीच रेघ त्यांनी पुन्हा, दाबून ओढली.

"मास्तर, अहो, आत्ता तर ठरलं आपलं," सेक्रेटरी म्हणाले.

"हो, ठरलं होतं." बाबा खाली उतरले. "पण तो असाच पास झालाय."

"ते खरं हो. पण उद्या चौकात लोक मला विचारतील. काय सांगू त्यांना?"

"दुकानात पाठवा. मी सांगतो."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले. मी पुतळ्याकडे पाहत होते. मग ते बाईंना म्हणाले, "छाती तरी राहू दे."

"राहू दे," बाबा म्हणाले. "मोठा शर्ट त्याला आवडायचा."

बाईंनी माती कापायची तार दोन्ही हातांत ताणून धरली आणि त्या चऱ्यावरून सावकाश खाली ओढली. खांद्यावरचा मातीचा पट्टा सुटून घसरला. बाबांनी तो खाली पडू दिला नाही.

"द्या, टाका यात," म्हणत बाईंनी बादली पुढे केली.

बाबा तो तुकडा ओंजळीत घेऊन उभे राहिले. बादली पुढे धरून बाईही उभ्या राहिल्या.