सूपभर कोंड्याचा नातू

सानगडीच्या बाजारात गोदावरीबाईच्या वांग्यांइतकंच तिचं तोंडही प्रसिद्ध होतं. कोणी वांगं दाबून पाहिलं की ती म्हणायची, "बाई, नवरा करतानी एवढं दाबून पाहिलं असतं तं आज सुखात असती." बाया हसायच्या आणि वांगी घ्यायच्या. मालही तसाच चोख असायचा.

त्या साली धान चुरण्याचं, मळणीचं काम ऐन भरात होतं. सून खळ्यावर अडकली, म्हणून दोन्ही नातवंडं गोदावरीबाईच्या मागं बाजाराला आली. रुखमी नऊ वर्षांची, गिऱ्हाइकाच्या पिशवीत वांगी भरून देण्याइतकी शहाणी. कोंडू सहा वर्षांचा, घरचा एकुलता नातू, एका जागी बूड टेकवत नव्हता. समोरच्या ओळीत शिंगाड्याचा वास सुटला आणि तो तिकडे गेला तो आलाच नाही.

"जाय, आन त्याले," आजीनं रुखमीला पिटाळलं.

रुखमी एकटीच परत आली. "आजी, तो येत नाही म्हणते. म्हणते, मी कुंताबाईचा आहो."

गोदावरीबाईच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला. समोरच्या गिऱ्हाइकाला मापात काय पडलं, काय नाही, तिला कळलं नाही.

ती उठून गेली. शिंगाडेवाल्या कुंताबाईच्या टोपलीमागं कोंडू मांडी घालून बसला होता आणि गिऱ्हाइकाला द्रोण भरून देत होता. जसा काही जन्मभर तिथंच बसत आला होता.

कुंताबाईचा चेहरा उतरला होता. "बाई, मी तं मजाक केली. पोरगा म्हणे, शिंगाडे पायजे पन पैसे नाही. मी म्हटलं, तुले कायचे पैसे गा, तू तं माहाच आहेस, सूपभर कोंडा देऊन घेतला तुले. मले का ठाऊक, तुमी पोराले सांगतलंच नाही."

"तू मले इकलं का, आजी?" कोंडूनं विचारलं. रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं.

इकलं होतं. सुनेचे पहिले दोन मुलगे सव्वा महिना पाहू शकले नाहीत. मग रुखमी झाली, ती जगली. तिच्यामागचा मुलगाही गेला. हा चौथा मुलगा झाला तेव्हा गोदावरीबाईनं रीतीप्रमाणं त्याला सुपात घातलं, उंबऱ्याबाहेर नेलं आणि गावात शिंगाडे विकायला येणाऱ्या कुंताबाईला सूपभर कोंड्याच्या बदल्यात विकून टाकलं. कोंड्याच्या किमतीचं पोर, परक्या घरचं. यम त्याला हात लावत नाही. नावही कोंडूच ठेवलं. घरात वाढवायचं, पण ते कुंताबाईचं म्हणून. पाचवं सरलं की चार लोकांसमोर तिच्यापुढं पदर पसरून मागून घ्यायचं, अशी रीत. पाचवं सरून वर्ष झालं. गोदावरीबाई आज जाते, उद्या जाते करत राहिली. खरं म्हणजे शिंगाड्याच्या टोपलीपुढं पदर पसरायला तिची मान वाकत नव्हती. पोर जगलं, आता कोण विचारतो, असं तिनं धरलं होतं.

आता पोरच विचारत होतं.

"चाल, ऊठ बाबू. घरी सांगतो तुले सगळं."

"नाही येत. तुह्या टोपलीतलं वांगं तू पैसे घेतल्याबिगर कोनाले नेऊ देते का?"

शेजारची मिरचीवाली मंदाबाई खुसखुसली. "पोट्टं तुमच्याच वळणाचं आहे, बाई. करा आता घासाघीस."

गोदावरीबाई आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोलली नाही. बाजार थांबून पाहत होता. हा आला नाही तर? खळ्यावर उभी असलेली सून विचारेल, माहा पोरगा कुठं आहे, तेव्हा काय सांगायचं? ती धुळीत बसली आणि पदर पसरला.

"कुंताबाई, माहा नातू मले दे."

कुंताबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. "न्या ना, बाई. मले काही नाही पायजे."

"फुकट नाही," कोंडू म्हणाला. "मी फुकटाचा नाही."

गोदावरीबाई उठली, आपल्या जागेवर गेली, वांग्यांची टोपली उचलून आणली आणि कुंताबाईपुढं पालथी केली. कोंडू वांग्यांच्या ढिगाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दुसरी टोपली बी."

दुसरी टोपलीही आली. मंदाबाई आता हसत नव्हती. कोंडूनं हातातला द्रोण खाली ठेवला, कुंताबाईच्या पाया पडला आणि आजीचं बोट धरलं. त्याचा हात थंडगार होता.

रिकाम्या टोपल्या रुखमीच्या डोक्यावर. तिघं गावाच्या वाटेला लागली. तळ्याची पाळ आली.

"आजी," रुखमी म्हणाली, "मले कितीले इकलं होतं?"

"तुले नाही इकलं."

"काहून? माह्या आधीचे दोघं मेले होते ना?"

"पोरीले कोन नेते, बाई," गोदावरीबाईच्या तोंडून गेलं. सवयीनं गेलं, जसं बाजारात तोंडून जायचं.

रुखमीनं मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकानं भाव ऐकून घ्यावा तशी. "बरं," ती म्हणाली, कोंडूचा हात आजीच्या हातातून सोडवून आपल्या हातात घेतला आणि त्याला घेऊन पाळीवरून पुढं चालू लागली.

गोदावरीबाईनं तिला हाक मारायला तोंड उघडलं. दोन्ही पोरं पार वळणावर पोचली, तरी ती तिथंच पाळीवर उभी होती.