गुहेतला पांढरा स्पंज

ब्लीचचे थेंब पडले तसा पांढऱ्या तुकड्याचा मऊ भाग विरघळला आणि काचपट्टीवर उरल्या नुसत्या बारीक सुया. सूक्ष्मदर्शकाखाली तिने त्या पाहिल्या. दोन्ही टोकांना अणकुचीदार, कशाही विस्कटलेल्या. मग किनाऱ्यावरच्या साध्या हिरव्या स्पंजाची काचपट्टी लावली. तशाच सुया. काडीचा फरक नाही.

कॉलेजात तिला सगळे स्पंजबाई म्हणत. रंगावर जाऊ नका, स्पंज सुयांवरून ओळखायचा, हे तिने जन्मभर मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. आणि स्वतः मात्र हा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून वर्षभर आज करू, उद्या करू करत राहिली. धीरच होत नव्हता. तुकडा दादाने काढला होता, ओहोटीच्या वेळी खडकातल्या अंधाऱ्या गुहेत शिरून. "तू थांब, तुझे गुडघे आधीच बोंबलतायत," म्हणत आत गेला आणि बाहेर येताना पाठीवर आपटला. शिडीवर चढून लोकांची घरं रंगवणारा माणूस कमरेखाली लुळा झाला. इस्पितळात त्याचा हात धरून ती म्हणाली होती, "नवीन जात आहे दादा. तुझंच नाव देणार तिला." त्या एका वाक्यावर त्याने वर्ष काढलं.

संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं.

"या. लागला का निकाल?"

खाटेवरून दादाने मान उचलली. चेहरा खुलला होता. अजून वेळ लागेल, असं सांगायचं तिने वाटेत ठरवलं होतं. पण त्याच्याकडे बघून खोटं बोलवेना.

"नवीन नाही रे. साधाच निघाला. उजेडात हिरवा असतो, अंधारात वाढला म्हणून पांढरा."

"म्हणजे एवढं करून शेवाळच!" वहिनी म्हणाली.

"शेवाळ नाही, प्राणी असतो तो," सवयीने तिच्या तोंडून गेलं आणि तिने जीभ चावली.

दादाने विचारलं, "साधा म्हणजे, कुठे कुठे असतो?"

"सगळीकडे."

"त्या दिवशी गुहेबाहेर आपण चहा प्यायलो त्या खडकाच्या पायरीवर?"

"हो. कडेलाच होता. हात पुरेल इतक्यावर."

तिला रडू फुटलं. लहानपणी ती रडली की तो वेडेवाकडे चेहरे करून हसवायचा. आज छताकडे बघत राहिला.

"अगं," त्याने बायकोला हाक मारली, "मला जरा भिंतीकडे वळव."

वहिनीला एकटीला जमेना. स्पंजबाई डोळे पुसत पुढे झाली.

"तू नको," तो म्हणाला.