वरचा श्री

त्या दिवसानंतर जयंतीबाईंनी तांबडी पेन्सिल हातात धरली नाही. पण त्याला काय अर्थ! जे खोडायचं ते खोडून झालं होतं.

बाईंना शिकवण्याची हौस दांडगी, आणि त्याहून दांडगी हौस पद्धतशीर शिकवण्याची. घाटकोपरच्या महिला मंडळाच्या खोलीत दुपारी दोन ते चार साक्षरता वर्ग भरे. आधीच्या बाई मुळाक्षरं गिरवून घेत, सही शिकवत आणि मोकळ्या होत. जयंतीबाईंना ते पटत नसे. लग्नाआधी त्यांनी ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढली होती. नोकरी सुटली, कॉलेज डोक्यातून सुटलं नाही. नुसती सही आली म्हणजे माणूस शिकला असं होत नाही, हे त्या भेटेल त्याला ऐकवत. घरी यजमान विद्याधरराव वर्तमानपत्रामागून हुं म्हणत.

जोडाक्षरं संपली तशी बाईंनी लेखनाचे प्रकार काढले. फळ्यावर चार शब्द लिहिले : वर्णन, गोष्ट, अर्ज, पत्र. खाली तीन पायऱ्या आखल्या. आधी मुद्दे, मग कच्चा खर्डा, मग पक्की प्रत. जूनमध्ये एकोणीस बाया होत्या, माघापर्यंत सात उरल्या. त्या सात सतरंजीवर बसून फळ्याकडे बघत राहिल्या.

वर्णनाच्या दिवशी वनमालाने आपल्या खोलीवर लिहिलं, ‘खोली आहे. माणसं नऊ आहेत. संपलं.’

“अगं, खिडकीतून काय दिसतं ते लिही ना,” बाई म्हणाल्या.

“खिडकी असती तर लिहिलं असतं की!”

सगळ्या खदखदून हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, वर्षभर आपण दगडावर पाणी ओततोय. मंडळाच्या अध्यक्षीणबाई तर वर्ग बंद करून तिथे शिवण सुरू करायचं म्हणत होत्या.

सातांत एकच जीव लावून शिकणारी होती. सुगंधा. देवगडकडची, बावीस वर्षांची, नवरा विक्रोळीला कारखान्यात. दोन मुलं पोटातच गेली होती आणि आता तिसऱ्या खेपेला सातवा महिना चालू होता. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती, म्हणून माहेरी जाता येत नव्हतं. आईनेच इकडे यावं असा ध्यास तिने घेतला होता. आणि ते सांगणारं पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून न घेता आपण लिहायचं, आपल्या हाताने.

पत्राचा धडा आला तेव्हा बाईंनी तिला मुद्दे विचारले.

“आवशीक बोलवूचा आसा,” सुगंधा म्हणाली. “तिका अक्षर येना नाय. पण वरचो श्री तेवढो वळाखता. कार्ड इला की आधी वर बोट फिरवता. श्री गावलो की हसता, मगे गुणाजीकडे वाचूक नेता.”

गुणाजी म्हणजे तिचा चुलतभाऊ, वाडीत लिहितावाचता येणारा एकटाच. बाईंना त्या म्हातारीचं कौतुक वाटलं. त्या मनापासून हसल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. हे हसणं त्यांना पुढे फार आठवणार होतं.

दोन दिवसांनी सुगंधाने वहीत खर्डा आणला. वर मधोमध सुरेख श्री काढला होता. बाईंनी तांबड्या पेन्सिलीने तो उडवला.

“बाई, श्री नको?” सुगंधा दचकलीच. “आमच्यात श्री नसलो म्हणजे…”

“आमच्यात, तुमच्यात काही नसतं गं लिहिताना. आधी मजकूर. कच्च्या खर्ड्याला सजावट नको म्हणून किती वेळा सांगितलं?”

श्री नसलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे बाईंना काय ठाऊक नव्हतं? त्यांच्या घरीही तसं कार्ड आलं की वाचून लगेच फाडून टाकत. पण त्या क्षणी त्यांच्यासमोर पत्र नव्हतंच, खर्डा होता. श्री पक्क्या प्रतीवर यायचा, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की तोंडाने सांगायचं राहून गेलं. त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि वही परत दिली.

“आता कार्डावर उतरव. अगदी असंच. एका अक्षराचा फरक नको.”

सुगंधाने फरक केला नाही. कार्ड घेऊन आली तेव्हा बाईंनी ते वहीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. जुळलं. वहीत नव्हतं ते कार्डावर शोधायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ‘आई, मी खुशाल आहे. तू बोटीने ये. हे मी स्वतः लिहिले आहे.’ बाईंचे डोळे भरून आले. सगळ्या वर्गाला त्यांनी ते कार्ड दाखवलं, आणि घरी जाताना कोपऱ्यावरच्या पेटीत स्वतः टाकलं.

अकराव्या दिवशी सुगंधा वर्गाला उशिरा आली. पोट सावरत ती सतरंजीवर न बसता सरळ टेबलापाशी आली आणि एक कार्ड बाईंच्या पुढे ठेवलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“गुणाजीचा आसा. मी वाचलंय. पण माका वाचूक नवीनच येता. माजा चुकला आसात कायतरी. तुमी वाचा.”

कार्डाच्या वरची जागा कोरी होती. बाईंनी ती पाहिली. तरी त्यांनी वाचलं, मोठ्याने, कारण सुगंधा ओळीखाली बोट धरून उभी होती. तसं बोट धरायला बाईंनीच शिकवलं होतं.

‘तुझे कार्ड सोमवारी आले. मी कणकवलीस गेलो होतो. काकीने वर बोट फिरवले. पुन्हा पुन्हा फिरवले. श्री नाही म्हणून ती अंगणातच बसली. तुझ्या बाळंतपणाचेच तिच्या मनात होते. संध्याकाळी मी येऊन वाचले. सुगंधा खुशाल आहे, तिने तुला बोलावले आहे, असे तिच्या कानाशी ओरडून सांगितले. तिला कळले की नाही, देव जाणे. मंगळवारी पहाटे गेली. कार्ड तिच्या मुठीत होते ते तसेच राहू दिले.’

सुगंधाचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. वनमालाने पदर तोंडाला लावला होता. फळ्यावर तीन पायऱ्या तशाच लिहिलेल्या होत्या.

“माजा चुकलेला ना, बाई?”

तिने बाईंकडे पाहिलं. नुसतं हो म्हणा, एवढंच ती मागत होती. शिकवणारं माणूस सगळं काही दुरुस्त करतं, असा वर्षभरात तिचा समज झाला होता, आणि तो बाईंनीच करून दिला होता. जयंतीबाईंनी तोंड उघडलं. रोज वहीवर लिहायच्या त्याच शब्दावर येऊन अडल्या.

“बरोबर वाचलंस,” त्या म्हणाल्या.

एकही अक्षर न चुकता सुगंधाने केलेलं ते पहिलंच वाचन होतं.